बांधलेला गठ्ठा

जबलपूरच्या मराठी मंडळाची चर्चा इंटरनेटवर गेली, तेव्हाच बापूसाहेब दाणींच्या मनात पाल चुकचुकली. मंडळाच्या शैलेंद्रने घरी येऊन तीन वाटा सांगितल्या: प्रत्येक पत्र आल्याआल्या घ्या, दिवसभराची पत्रं संध्याकाळी एका डायजेस्टमध्ये, म्हणजे एकाच गठ्ठ्यात घ्या, नाहीतर न्यूजग्रुपवर स्वतः जाऊन वाचा. न्यूजग्रुप म्हणजे चव्हाट्यावरचा फलक आणि सुटी पत्रं म्हणजे इंटरनेटपायी दिवसभर फोन अडलेला, म्हणून बापूसाहेबांनी नाक मुरडत डायजेस्ट घेतलं.

पण टपाल खात्यात छत्तीस वर्षं सॉर्टिंग केलेला माणूस तो! गठ्ठा कोणीतरी बांधतो आणि बांधणारा आधी वाचतो, हे त्यांना कोण शिकवणार?

"काका, हे आपोआप होते," शैलेंद्र म्हणाला.

"आपोआप फक्त धूळ बसते, भैया!"

एका डायजेस्टमध्ये रांझीच्या रामरावांचं पत्र दिसलं. बापूसाहेबांनी उत्तराचं बटण दाबलं आणि आपल्या या जुन्या मित्राला गुपचूप लिहिलं, "शैलेंद्र आपली पत्रं कापून राहिला. मी पाळतीवर आहो. कोणाजवळ बोलू नका."

दुसऱ्या संध्याकाळी त्यांच्या पत्नी शरयूबाईंनी डायजेस्ट उघडलं. सगळ्यात वर बापूसाहेबांचंच पत्र होतं. डायजेस्टलाच दिलेलं ते उत्तर एकट्या रामरावांकडे न जाता मंडळाच्या नव्वद घरांत पोचलं होतं.

"घ्या," शरयूबाई म्हणाल्या, "एक अक्षर कापलं नाही पोरानं."

बापूसाहेबांनी पत्र वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचलं. मग डोळे बारीक करून म्हणाले, "अच्छा! मग नेमकं हेच काहून नाही कापलं त्यानं?"