नवसूच्या राबाची काळी माती

सासूने जन्मभर टोचून बोललेलं सकुबाईने मुकाट गिळलं. पण माहेराला कोणी नावं ठेवलेली ती ऐकून घेणार? नाव नको! तिचं माहेर हेदुली. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी धरणात बुडालं, म्हणून काय त्याची अब्रूही बुडाली?

आणि नावं ठेवणारा तरी कोण, तर सुनिल! हेदुलीच्याच नवसूचा नातू. हा बाबा धरणात मुंबईच्या पाहुण्यांना बोटीतून फिरवायचा. बोटीवरच्या मासे शोधायच्या यंत्रात तळाला सरळ रेघा दिसल्या आणि यंदा पाणी हटल्यावर गाळाखाली काळी माती निघाली. झालं! त्याने पुडी सोडली की इथे सोन्याची नगरी होती, माणसं माजली, देवाने आग पाडली आणि वर पाणी सोडलं. 'पापी लोकांची बुडालेली नगरी' असा बोर्डही रंगवून आणला.

रविवारी पंधरा-वीस पाहुण्यांसमोर तो बोर्ड उभा करत होता, तेवढ्यात सकुबाई पदर खोचून हजर.

"आत्या, गोष्ट हाय गो नुसती," सुनिल हसत म्हणाला. "भात बघायला कोण येतंय इथं? मनावर काय घेतेस?"

"माझ्या बापाला पापी म्हणतोस, नि मनावर नको घेऊ? लाज वाटते का रे, मेल्या!"

काठावर वैष्णवी नावाची पोरगी गाळाचे नमुने घेत होती. आसनगावची, कॉलेजात मातीचा अभ्यास करणारी. सकुबाईने थेट तिचाच हात धरला. "तू शिकलेली ना? सांग याला."

"रेघा खऱ्या आहेत आजी," वैष्णवी म्हणाली. "पण त्या रस्त्यांच्या की बांधांच्या, ते यंत्राला कळत नाही. आणि काळं आहे तो कोळसा. काहीतरी जळलंय नक्की."

"बघ!" सुनिलने टाळी वाजवली.

"पण नगरी जळली असती तर घरांच्या जागीही काळं सापडायला हवं."

हे ऐकलं आणि सकुबाईला हसू आवरेना. "अगो, जळलंय म्हणजे काय! दर साली जळायचं! मीच जाळलंय! राब तो आमचा. भाताची रोपं करायच्या तुकड्यावर शेण, पाला, गवत रचून आमी पेटवायचो. तो बघ, पल्याड आजपण धूर निघतोय." मग ती सुनिलकडे वळली. "मी दावीन तिथं ही पोरगी खणंल. चुकले तर तुझा बोर्ड मीच धरून उभी राहीन. नाय चुकले तर तो उतरवायचा. हाय कबूल?"

पाहुण्यांपुढे नाही कसं म्हणणार? सुनिलने मान हलवली.

बोलायला बोलली खरी, पण गाळात उतरल्यावर तिला काहीच ओळखू येईना. जिकडेतिकडे नुसता चिखल. गावाला नाव देणारं हेदूचं झाड नाही, बांध नाही, वाट नाही. आपल्याच तोंडाने आपलं माहेर पापी ठरणार की काय? ती पायाने चाचपत राहिली. मागून कोणीतरी हसलं. मग टाच कातळाला लागली आणि अंगठा एका गोल खळग्यात गेला. हे उखळ! कातळातच कोरलेलं, म्हणून उचलून नेता आलं नव्हतं. आईबरोबर इथेच तिने भात कांडला होता. तिचे डोळे भरून आले, पण आत्ता रडायला वेळ कोणाला होता?

"हितं घर होतं. खण."

वैष्णवीने कातळाशेजारी लोखंडी नळी ठोकून वर काढली. पिवळट गाळ आणि खाली तांबूस माती. काळ्याचा ठिपका नाही.

सकुबाईने उताराकडे बारा पावलं मोजली. "आता हितं."

या वेळी नळीतून काळीभोर माती आली, तिच्यात करपलेली तुसं होती. पाहुणे पुढे सरसावले.

"बुडालेल्या नगऱ्यांच्या गोष्टींत पाणी पुष्कळदा खरं असतं," वैष्णवी म्हणाली. "पाप मागाहून चिकटवलेलं असतं."

सकुबाईने त्या मातीचा गोळा सुनिलच्या हातावर ठेवला. "घे. आमच्या घराला लागून तुझ्या आज्याचा राब, त्यातली हाय ही. नवसूकाका पहाटंपास्नं राबायचा हितं. सांग आता सगळ्यांना, काय पाप केलं त्यानं?"

सुनिलची मान खाली गेली. तो मूठ उघडेना.

"मग गाव बुडालं कशामुळे?" एका पाहुण्याने विचारलं.

"तुमी सकाळी नळ सोडता ना दादा?" सकुबाई म्हणाली. "त्यात पाणी यावं म्हणून."

सुनिलने बोर्ड उपटला, आडवा केला आणि रंगाचा डबा उघडला.

"आत्या, काय लिहू?"

"हेदुली लिही," सकुबाई म्हणाली. "आणि खाली लिही, हितं भात पिकायचा."