रुखमाबाईच्या फळीतला भंडारा

मंगळवारी सकाळी रुखमाबाईच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. सिंदेवाहीकडून लोक यायचे, आरमोरीकडून यायचे, एकदा तर राजुऱ्याहून अख्खी गाडी भरून मंडळी उतरली. प्रत्येकाच्या एका हातात नारळ, दुसऱ्या हातात तांदळाची पिशवी आणि मान वर. कारण देव वर होता. सपरीच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या छपराच्या कडेला, कवेलूंच्या, तुमच्या भाषेत कौलांच्या, शेवटच्या ओळीखाली जी आडवी फळी ठोकलेली असते ना, तिच्यात.

फळीला शेंदूर फासलेला. खाली रुखमाबाईची दहा वर्षांची नात दिव्यानी पितळी थाळी दोन्ही हातांनी धरून उभी. महाराज डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे आणि हातातली जाड काठी सपरीच्या खांबावर तीनदा आपटायचे. तिसऱ्या ठोक्याला फळीतून पिवळसर भुकटी झरझर थाळीत पडायची. भंडारा! मग काय विचारता. साखरेच्या आजाराला चिमूटभर जिभेवर, गुडघ्याला तेलातून, दहावीच्या पोरांना कपाळावर. एका गृहस्थाने तर बंद पडलेल्या मोटारपंपाला लावायला पुडी बांधून नेली.

मी दोन मंगळवार गर्दीत उभा राहून हा प्रकार पाहिला. मी वारलू, गावचा सुतार. ती फळी अकरा वर्षांपूर्वी मीच ठोकली होती. त्यामुळे तिच्यात देव नेमका कधी शिरला, याची मला इतरांपेक्षा जरा जास्तच उत्सुकता होती.

महाराज म्हणजे आमचा हरिदास. आधी हा जीपवर भोंगा बांधून गावोगाव नाटकांची जाहिरात करत फिरायचा. आवाज खणखणीत. धंदा बदलला, पण भाषा तीच राहिली. "आज, आपल्या गावात, प्रथमच," तो काठी उंच धरून सुरू करायचा, "साक्षात देवीचा झरता भंडारा! पाहाल तं तराल, नाई पाहाल तं पस्तावाल! बायाबापड्यांची बसाची सोय वेगळी हाय!" हे शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून सवयीनं निघून जायचं, आणि बायाबापड्या खरंच वेगळ्या बसायच्या.

आता फळीची खरी गोष्ट सांगतो, त्यात माझीही चूक आहे. आमच्याकडे नवं लाकूड बोडीत, म्हणजे गावाच्या तळ्यात, महिना दीड महिना बुडवून ठेवतात. त्यातला गोड रस पाण्यात निघून जातो आणि किड्याला त्याची गोडी राहत नाही. पण रुखमाबाईच्या मुलाचं, गोपालचं, लग्न तोंडावर आलं होतं. तिचे यजमान लटारूभाऊ तेव्हा हयात होते. ते म्हणाले, "वारलू, पाहुणे आले तं छपराची कड उघडी दिसन. ठोक लवकर." मी सागाच्या कडेचं पांढरं लाकूड, न भिजवता, तसंच ठोकलं. म्हटलं, दर उन्हाळ्यात तेलाचा हात द्या, चार-पाच वर्षांनी बदलू. तेलाचा हात एकदाही फिरला नाही, आणि मीही आठवण दिली नाही.

यंदा होळीनंतर रुखमाबाईनं मला बोलावलं. फळीला बारीक बारीक भोकं पडली होती. माझ्याकडच्या आधीच भिजवून सुकवलेल्या लाकडाला रंधा मारून मी नवी फळी आणली. पण आदल्याच दिवशी हरिदास तिथं पाणी प्यायला थांबला होता. बसल्या बसल्या त्यानं खांबाला पाठ टेकली, वरून त्याच्या खांद्यावर पिवळी भुकटी पडली, आणि त्याच क्षणी त्याला देवी प्रसन्न झाली. माझी नवी फळी गोठ्यात भिंतीला टेकून राहिली.

मी पाहिलेल्या दुसऱ्या मंगळवारी गर्दी ओसरल्यावर मी शिडी लावून वर चढलो आणि पेचकसाचं टोक फळीला लावलं. जोर न लावताच ते मुठीपर्यंत आत गेलं. वरून भक्तांनी दर मंगळवारी नारळाचं पाणी ओतून फळीला आंघोळ घातली होती, त्यानं उरलंसुरलं लाकूडही कुजलं होतं. फळी ज्या चार फाट्यांना, म्हणजे छपराच्या वाशांना, ठोकली होती, त्यांपैकी दोन फाट्यांवरचे खिळे सुटले होते. कवेलूंची खालची सगळी ओळ या फळीवर टेकलेली. आणि तिच्या बरोबर खाली पोरगी उभी राहायची.

"रुखमाबाई, हे कवाबी पडन," मी खाली उतरून म्हणालो. "पोरीच्या डोक्शावर पडन."

"नका बोलू जी असं," रुखमाबाई म्हणाली. "गोपालची पाठ हाच भंडारा लावून बरी झाली. महाराज म्हनते, फळी काढली तं दुखनं परत येते."

"गोपाल तीन हप्ते सुट्टी घेऊन खाटेवर पडून होता ना? पाठीले आराम भेटला."

"तुमी सुतार. तुमाले लाकूडच दिसते."

"बरं, राहू द्या फळी. पोरीले तरी तिथून हटवा."

"थाळी कुंवारी पोरगीच धरते म्हनते महाराज. मी काय करू, वारलूभाऊ? पोराची पाठ गेली तं घर कसं चालन माझं?"

तिचा राग येत नव्हता, हीच पंचाईत होती. भीती घातलेल्या माणसाशी वाद कसा घालणार? मी शिडी खांद्यावर टाकून निघालो. फाटकाशी दिव्यानी बकरीला पाला घालत होती. ती हळूच म्हणाली, "काका, एक सांगू? बकरी खांबाले पाठ घासते ना, तवाबी भंडारा पडते. मी रोज पाह्यतो."

"आजीले सांगतलं?"

"सांगतलं. तं आजी म्हने, देवाची टवाळी करू नाई."

मी शिडी तिथेच ठेवली आणि बकरीकडे आदरानं पाहिलं. पोरीला सांगितलं, येत्या मंगळवारी मी हाक मारली की थाळी खाली ठेवायची आणि बकरी घेऊन यायचं.

पुढचा मंगळवार आला. हरिदास रंगात आला होता. पहिला भंडारा पडला, लोकांनी हात जोडले. मी पुढं जाऊन अगदी नम्रपणे विचारलं, "महाराज, मंतर न म्हनता कोनी खांब हालवला तं भंडारा पडन काजी?"

"कदापि नाई!" हरिदास गरजला. "ही देवी फक्त सिद्ध पुरुषाची हाक आयकते. बारा वर्षांची तपश्चर्या लागते, सुतारा."

बारा वर्षांपूर्वी हा सिद्ध पुरुष जीपमध्ये बसून भोंग्यावर नाटकांची जाहिरात करत होता. पण ते मी बोललो नाही. मी दिव्यानीला हाक मारली. तिनं थाळी फळीखाली जमिनीवर ठेवली, बकरी आणली आणि खांबाजवळ सोडली. बकरीनं आधी गर्दीकडे पाहिलं, मग हरिदासच्या पायाशी पडलेला हार थोडा खाऊन पाहिला. आणि मग रोजच्या सवयीनं खांबाला पाठ लावून घसाघसा घासली. वरून पिवळी भुकटी झरझर थाळीत पडली. काठीनं पडायची त्यापेक्षा थोडी जास्तच.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "बकरीची तपश्चर्या किती वर्षांची हाय गा?" आणि हशा पिकला. वेगळ्या बसलेल्या बायाबापड्या तोंडाला पदर लावून हसत होत्या.

हरिदास काही साधा गडी नव्हता. "बकरीच्या अंगात देवी आली!" तो ओरडला. "हा दुसरा चमत्कार! आता तिसरा पाहा, न भूतो न भविष्यति! पोरी, थाळी उचल. उभी राह्य आपल्या जाग्यावर."

दिव्यानी थाळीकडे निघाली. मी तिचा दंड धरला.

"जाऊ द्या ना तिले, वारलूभाऊ," रुखमाबाई काकुळतीनं म्हणाली. "देवी कोपन."

"कोपू द्या. माह्यावर कोपन," मी म्हणालो आणि पोरीला ओढून माझ्यामागे उभं केलं. ती रडवेली झाली. लोक माझ्याकडे रागानं पाहू लागले, कारण आता खेळ मी बिघडवत होतो.

हरिदासला हातातून निसटलेली गर्दी परत हवी होती. त्यानं काठी दोन्ही हातांनी धरली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून खांबावर हाणली. एकदा. दोनदा. तिसऱ्या ठोक्याला वर करकर आवाज आला आणि फळी मधोमध मोडून खाली आली. तिच्यामागून कवेलूंची अख्खी ओळ धडाधड कोसळली. सगळा ढीग त्या थाळीवर. बकरी केव्हाच पळाली होती. हरिदासनं तिच्याही पुढं उडी मारली होती.

खरं सांगतो, त्या दिवशीच पडेल असं मला वाटलं नव्हतं. मी फक्त गंमत करायला गेलो होतो. दिव्यानीचा दंड मी इतका घट्ट धरला होता की तिथं बोटं उमटली.

धूळ बसल्यावर मी फळीचा तुकडा उचलून हातानंच मोडला. तो पापडासारखा तुटला. आत बोगदेच बोगदे, पिवळ्या भुकटीनं ठासून भरलेले, आणि एका बोगद्यात पांढरी, लठ्ठ अळी वळवळत होती.

"ही घ्या तुमची देवी," मी तुकडा सगळ्यांपुढं फिरवला. "भुंगेऱ्याची अळी हाय. लाकूड खाते, मांगं भुसा सोडते. खांब हालला का भोकातून तो भुसा पडते. तुमी सहा हप्ते चाटून राह्यले तो हा माल."

राजुऱ्याहून आलेले एक गृहस्थ अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन थुंकायला लागले, ते बराच वेळ थुंकत होते. हरिदास म्हणाला, "देवीनं आपल्या इच्छेनं जागा सोडली हाय." पण त्याचा आवाज बसला होता आणि ऐकायला कोणी थांबलं नाही. लोक आपापल्या तांदळाच्या पिशव्या शोधण्यात गुंतले होते.

रुखमाबाईनं ढिगातून थाळी ओढून काढली. पितळेची जाड थाळी मधून चेपून खोल वाटीसारखी झाली होती. तिनं त्या खळग्यावरून हात फिरवला, नातीच्या डोक्यावरून फिरवला, आणि मग ती मोठ्यानं रडली.

"मी देव फळीत पाहून राह्यली होती," ती म्हणाली. "फळीखाली माही पोरगी उभी होती, ते दिसलंच नाई मले."

नवी फळी मी त्याच दुपारी ठोकली. ही बोडीत दीड महिना भिजलेली, नंतर सावलीत सुकवलेली, वरून तेल पाजलेली. लोकांना वाटतं, छपराच्या कडेची फळी म्हणजे घराची शोभा. तसं नाही. ती फाट्यांची तोंडं झाकते म्हणून पावसानं फाटे कुजत नाहीत, उंदीर-साप आढ्यात शिरत नाहीत आणि खालची कवेलू जागेवर राहतात. ती गेली की घर कडेपासून आत आत सडत येतं, आणि आपण आत बसून भंडारा मोजत राहतो. गोपालची पाठ अजून ठीक आहे. नव्या फळीखाली उभं राहून त्यानं स्वतः तिला तेल लावलं.

तुमचं घर कवेलूचं असो की पत्र्याचं, पावसाळ्याआधी एकदा कडेखाली उभे राहा आणि वर पाहा. भोकं दिसली, भुसा पडला, फळी काळी पडून फुगली, तर तिच्यात पेचकस टोचा. तो सहज आत गेला, तर कोणाला विचारू नका, मला नाहीतर जवळच्या दुसऱ्या सुताराला बोलवा आणि त्याच आठवड्यात फळी बदला. कुजलेली फळी कोणाचा नवस ऐकत नाही, ती एक दिवस पडतेच, आणि पडताना खाली कोण उभं आहे हे पाहत नाही. ते पाहायचं काम आपलं आहे.