कासवाच्या पुस्तकाचा तेरावा आकडा

पुस्तकांचे ओळख-क्रमांक दहा आकड्यांचे होते, ते तेरा आकड्यांचे झाले. ग्रंथपालकाकांना त्यात काही अवघड वाटलं नाही. जुन्या क्रमांकाच्या आधी ९७८ लिहायचं, की झालं! चार दिवस बसून त्यांनी मुलांच्या कपाटातल्या साठ पुस्तकांवर मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठ्या डकवल्या आणि स्वतःवरच खूश झाले.

पाचव्या दिवशी मुख्य कचेरीतून त्यांची भाची नवं मशीन घेऊन आली. तिने पहिला क्रमांक टाकला. मशीन टूंऽ करून ओरडलं. दुसरा टाकला, पुन्हा टूंऽ.

"मामा, दहातलं एखादंच घेतंय हे."

"नवीन आहे बिचारं. ओळख व्हायला वेळ लागतो."

"थट्टा नको. संध्याकाळपर्यंत जे मशीनमध्ये जाणार नाही, ते खोक्यात भरून गोदामात. वर्षभर तरी परत येत नाही."

हे ऐकून खिडकीशी बसलेली खारूताई ताडकन उठली. सतत पुस्तकं पळवते म्हणून काकांनीच या मुलीला हे नाव दिलं होतं. तिने कासवाचं पुस्तक पोटाशी धरलं. अकरा वेळा नेलेलं पुस्तक ते.

"काका, हे नाही हं द्यायचं! याच्याशिवाय आमचं बाळ घासच घेत नाही."

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी खणातून परिपत्रक काढलं, दोनदा वाचलं, मग पान उलटलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"मी पहिलंच पान वाचलं गं. आणि तुम्हा मुलांना रोज ओरडतो, पान उलटा, पान उलटा!"

"काय लिहिलंय मागे?" भाचीने विचारलं.

"शेवटचा आकडा नव्याने काढायचा. तो राखणदार असतो. आधीच्या आकड्यांत कुणी गडबड केली, की हा ओरडतो. मशीन नाही, मीच चुकलो." काकांनी पाटी ओढली. "खारूताई, तीनचा पाढा येतो?"

"झोपेतही!"

"मग जमलं. शेवटचा सोडून बारा आकडे. पहिला तसाच, दुसऱ्याची तिप्पट, तिसरा तसाच, चौथ्याची तिप्पट. सगळ्यांची बेरीज."

तिने जीभ बाहेर काढून बेरीज केली. "एकशे तेरा."

"पुढच्या दहाच्या घराला किती कमी?"

"एकशे वीसला... सात!"

चिठ्ठीवर शेवटी चार होता. भाचीने चारऐवजी सात टाकला. मशीन गप्प. पडद्यावर कासव आलं!

"चला रे सगळे!" काकांनी वाचनाच्या खोलीत हाक दिली. तीनचा पाढा येणारी नऊ मुलं जमिनीवर बसली. एकाने तीन आठे एकवीस केले, तर मशीन लगेच ओरडलं आणि सगळे हसले, तो सर्वांत जास्त.

"बघा," काका म्हणाले, "रागवत नाही, नुसतं सांगतंय."

दिवे लागायच्या आत साठही पुस्तकं आत गेली. खोकी रिकामीच राहिली.

"मामा, तिसरंही पान आहे," भाची हळूच म्हणाली. "जुना क्रमांक झाकू नये. कुणी त्यावरून शोधलं तरी पुस्तक सापडायला हवं."

काकांनी चिठ्ठी दाखवली. ती जुन्या क्रमांकाच्या खाली होती. "इतक्या वर्षांची ओळख. झाकवेना मला."

खारूताई दाराशी केव्हाच पोचली होती. "काका, बाराव्यांदा लिहा! बाळाची जेवायची वेळ झाली."