रिकाम्या रस्त्याचा फोटो

"तुमच्या नेवाडात मुद्दाम यावं असं आहे तरी काय?" सकाळी माझ्या हॉटेलात कॉफी पिता पिता शहरातून आलेला फोटोवाला ट्रेंट मला म्हणाला. त्याला मासिकासाठी ओसाड रस्त्याचा फोटो हवा होता, माणसाचा मागमूसही नसलेला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "काही नाही," मी म्हटलं. "जा, काढ फोटो."

दुपारी तो लालबुंद होऊन परत आला.

"काय माणसं आहात तुम्ही! गाडी कडेला लावली, तर येणारा प्रत्येक जण थांबतोय! पाणी आहे ना, टायर फुटला का, घरी येतोस का! फोटोच काढू देईनात. एक म्हातारी तर गाडी ओढायला साखळी घेऊन उतरली. गाडी चांगली आहे म्हटलं, तरी ऐकेना!"

"ती माझी आई," मी म्हटलं. "वाळवंटात थांबलेली गाडी आम्ही मागे टाकून जात नाही."

"अहो, पण मला कुणीच नको होतं!"

"मग तुझ्या शहरात जा आणि भर चौकात गाडी बंद पाड. तिथे कुणी मध्ये येणार नाही."