ओळ क्रमांक दोनशे एकोणीस

'येथे चोरीचे सॉफ्टवेअर मिळत नाही' अशी पाटी माझ्या दुकानात आहे, गणपतीच्या फोटोच्याही वर. डिचोलीच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा धंदा. मराठीत चालणारे फुकटचे प्रोग्राम जमवून एका पेनड्राइव्हवर बांधायचे आणि शाळा-वाचनालयांना वाटायचे, हा रिकामा उद्योग. बांधण्याआधी प्रत्येक प्रोग्रामचा परवाना मी शेवटच्या शब्दापर्यंत वाचतो. काय वाटायला मुभा आहे, काय नाही, यात मला ढिलाई खपत नाही. माझी बायको सिद्धी म्हणते, "प्रज्योत, लग्नाच्या कागदावर सही करताना वाचलं होतंस का इतकं?" यावर मी बोलत नाही, कारण मला घरीच जेवायचं असतं.

माझ्या पेनड्राइव्हवरचा सगळ्यात लाडका प्रोग्राम म्हणजे 'वाचक'. मराठी मजकूर दिला की तो मोठ्याने वाचतो. हळर्ण्याच्या कृष्णनाथ मास्तरांनी निवृत्तीनंतर तीन वर्षं खपून तो केला. आवाजही त्यांचाच. जनेलाला, म्हणजे खिडकीला, गादी लावून, पंखा बंद करून, घामाघूम होत त्यांनी बाराखडीतलं एकेक अक्षर आणि झाडून सगळी जोडाक्षरं म्हणून ठेवली. त्यामुळे 'वाचक' शब्द तोडून तोडून वाचतो, पण वाचतो स्वच्छ. मास्तर चार वर्षांपूर्वी गेले.

गेल्या मार्चमध्ये त्यांच्या पत्नीचा, चंद्रावतीकाकींचा, फोन आला. काकींची नजर गेली आहे, नुसतं करडं दिसतं. रोज सकाळी 'वाचक' त्यांना पेपर वाचून दाखवायचा. जुना कॉम्प्युटर जळला, मुलाने नवा आणून दिला, आणि त्यावर 'वाचक' सुरू होतो पण तोंड उघडत नाही.

"पेपर वाचूचो रवलो रे," काकी म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "घरात आता कोण बोलनाच नाय."

त्याच दिवशी मी हळर्ण्याला गेलो. दुखणं दहा मिनिटांत सापडलं. ओळ क्रमांक दोनशे एकोणीस. तिथे शून्य होतं, त्या जागी एक हवा होता. जुन्या मशीनमध्ये आवाजाची जागा शून्य क्रमांकावर असायची, नव्यात एकवर. एक आकडा बदलायचा, प्रत काकींच्या मशीनवर ठेवायची, पेनड्राइव्हवर टाकायची, संपलं.

पण मी परवाना वाचला. मास्तरांनी लिहिलं होतं: 'हा प्रोग्राम ज्यास हवा त्यास फुकट द्यावा. मात्र माझ्या अथवा माझ्या वारसांच्या लेखी परवानगीशिवाय यात कानामात्रेचाही बदल करून कोणास देऊ नये.'

वारसांच्या! मास्तर, गोव्यात राहून हा शब्द लिहिलात? आमच्याकडे नवऱ्यामागे अर्धं बायकोचं, उरलेलं मुलांचं, आणि कागदावर मुलांच्या जोडीदारांच्याही सह्या. मास्तरांच्या दोन मुलांचं काजूच्या बागेवरून चार वर्षं बोलणं नव्हतं.

मुलगा रामचंद्र मोपाच्या विमानतळावर नोकरीला. तो म्हणाला, "सही करतंय. पण आधी इन्वेंतार होवंदे, कोर्टातली वाटणी. सुमंगलेबरोबर सही केली म्हणजे तिचो वाटो मान्य केलो असा होता." बांद्याला दिलेली मुलगी सुमंगला फोनवर म्हणाली, "माझो वाटो खंयचो ता आधी दाखवा. मग सही."

एखाद्याने मुकाट्याने आकडा बदलला असता. सिद्धी तेच म्हणाली, जरा चढ्या आवाजात. पण पाटी लावली होती मी. मी ताठ मानेने सांगितलं की वाटण्या करा.

आणि त्यांनी केल्या, प्रोग्रामच्याच!

एका रविवारी जमिनीची मोजणी करणारे निवृत्त सगुणमामा टेप घेऊन आले. मी चारशे बारा ओळींचा प्रोग्राम लांबलचक कागदावर छापून नेला होता. सोप्यापासून तुळशीपर्यंत तो अंगणात पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवले. सगुणमामांनी लाल पेन्सिलीने हद्दी आखल्या. दोनशे सहा ओळी काकींच्या. दोनशे सातपासून तीनशे नऊ रामचंद्राच्या. उरलेल्या एकशे तीन सुमंगलेच्या.

रामचंद्राने आपला वाटा दोनदा मोजला. "हेच्यात अकरा ओळी कोऱ्या आसत. पडीक जमीन माझ्याच वाट्याक कशी इली?"

सुमंगलेच्या वाट्याला मास्तरांच्या टिपा आल्या होत्या. एकीत लिहिलं होतं, 'ही ओळ कशासाठी आहे ते आठवत नाही. काढू नये.' सुमंगलेने ती वाचली आणि डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, आता सही होणार. तेवढ्यात मीच माती खाल्ली. दोनशे एकोणीसवर काय होतं असं तिने विचारलं, आणि मी उत्साहाने समजावलं की तिथून प्रोग्राम उडी मारून तीनशे चाळीसवर जातो, अक्षर उच्चारतो आणि परत येतो.

"तीनशे चाळीस माझा," सुमंगला म्हणाली. "दिसाक किती फेरे?"

"प्रत्येक अक्षराला एक."

"अख्ख्या पेपराचे? माझ्या हद्दीतसून जावचा नाय!"

"बापाशीच्या वेळेपासून वहिवाट आसा," सगुणमामा गंभीरपणे म्हणाले. "आडवूक येवचा नाय."

"मग दोनशे एकोणीसाक मी कोणाक हात लावूक दिवचंय नाय," रामचंद्र कडाडला आणि आपल्या हद्दीवर चपला काढून उभा राहिला.

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. सगळ्यांत जास्त राग माझा मलाच आला होता, कारण हे अंगण मी पेटवलं होतं. एका म्हातारीला सकाळी घरात चार शब्द ऐकायचे होते, आणि मी तिच्या दारात मोजणीची टेप आणून ठेवली.

काकी इतका वेळ सोप्यावर ऐकत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "प्रज्योत, तेंनी काय लिवल्यानी ता परत एकदा वाच बघूया."

मी वाचलं.

"'बदल करून कोणास देऊ नये.' बदलू नये, असा खंय लिवल्यानी?"

मी ती ओळ पुन्हा वाचली. पंधरा वर्षं परवाने वाचतोय! मास्तरांची अट बदललेली प्रत देण्यावर होती. आपल्या घरी, आपल्या मशीनवर, कुणाला न देता बदलायला अडवलंच नव्हतं. म्हणजे प्रोग्राम मूळचा तसाच वाटायचा आणि बदल ज्याचा त्याने करायचा. आज माझ्या पेनड्राइव्हवर 'वाचक' असाच आहे, मास्तरांनी ठेवला तसा, सोबत दोनशे एकोणिसाव्या ओळीची चिठ्ठी.

"पण काकी, मी बदललं तर ते तुम्हाला देणंच झालं."

"तू कित्याक? माझ्या मशीनात मीच बदलतंय. देतंय कोणाक?"

काकींना सोप्यावरच्या मेजापाशी बसवलं. माझे हात चुकून पुढे जाऊ नयेत म्हणून मी ते मांड्यांखाली घालून बसलो. खाली जायची कळ मी तोंडाने सांगितली. ती दोनशे अठरा वेळा दाबायची होती. सगुणमामा मोठ्याने मोजत होते. एकशे बेचाळीसवर बाहेर पोदेराने भोंगा वाजवला, सुमंगला "चार पाव ठेव रे!" म्हणाली आणि मोजणी हुकली. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी काकींचं बोट भलत्याच कळीवर पडलं आणि रामचंद्राचा अख्खा वाटा पडद्यावरून नाहीसा झाला.

"माझी इस्टेट!" तो किंचाळला. काकींकडूनच उलटी कळ दाबून घेऊन ती परत आणली. मग त्यांनी शून्य पुसलं आणि एक लिहिला.

"आता काहीतरी लिहा, काकी. म्हणजे तो वाचेल. पेपरातलं सांगू का?"

"पेपर ऱ्हवंदे," त्या म्हणाल्या आणि आवाज खाली आणून मला विचारलं, "माझा नाव लिवूक खंयच्यो कळी दाबूच्यो?"

मी एकेक कळ सांगत गेलो. त्यांनी चाचपत, चुकत, पुसत लिहिलं. मग शेवटची कळ दाबली.

"चं. द्रा. व. ती," मास्तर म्हणाले.

अंगणातलं भांडण थांबलं. सगुणमामा सवयीने कागदावर वाकून 'द्रा' कोणाच्या हद्दीत येतो ते बघायला लागले, तेव्हा रामचंद्राने त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"एकावन्न वर्सां संसार केलंय," काकी म्हणाल्या, कुणाकडेच तोंड नव्हतं. "'अगो' म्हणीत. 'रामाचे आवशी' म्हणीत. नाव घेवचा नाय, पूर्वी तशीच रीत. कधी घेतल्यानी नाय."

त्यांनी परत कळ दाबली.

"चं. द्रा. व. ती."

सुमंगला दारात पाव घेऊन उभी होती. तिला पुढे यावंसं वाटत होतं आणि येववत नव्हतं. काकींनी पदर सारखा केला आणि तिसऱ्यांदा कळ दाबली.

"चं. द्रा. व. ती."

"ओ," काकी म्हणाल्या.