बसता नव्हे, फिरता

मी चषक बोलतोय, आणि आधीच सांगतो, कीव करायला आला असाल तर परत फिरा. मी चांदीचा नाही, पितळेचा आहे. वरचा चांदीचा मुलामा खामगावच्या एका कारागिराने दिला होता, तो केव्हाच उडाला. माझा डावा कान वाकडा आहे. पण मी कुणाच्या कपाटाची शोभा नाही. हे ज्याला पटत नसेल त्याने पुढे ऐकूच नये.

माझा जन्म सोनाळ्याच्या पुंजाजी मास्तरांच्या हट्टातून झाला. मास्तर अमरावतीला शिकताना फुटबॉल खेळले आणि ते वेड घेऊनच गावी आले. सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे पोरं कबड्डीच्या पुढे जात नव्हती, तिथे त्यांनी ज्वारी निघालेल्या रानात बांबूचे गोलपोस्ट रोवले. जिल्ह्यातल्या गावांना निरोप धाडले. स्पर्धा ठरली, पण चषक कुठून आणायचा? मास्तरांच्या पत्नीने, पुष्पाबाईंनी, माहेरचं घंगाळ काढून दिलं. "आंघोळीले बादली पुरते," एवढंच म्हणाल्या. त्या घंगाळाचा मी झालो. माझ्या पोटावर दोनच शब्द कोरले गेले : फिरता चषक.

मास्तरांच्या मनात साधाच अर्थ होता. यंदा जो जिंकेल त्याने वर्षभर ठेवायचा, मग पुढच्या विजेत्याला द्यायचा. सगळीकडे असंच चालतं. पहिल्या वर्षी सोनाळाच जिंकलं. मास्तर मला काखेत मारून घराकडे निघाले, तर हरलेल्या संघातल्या एका खेळाडूची आई आडवी आली. जनकाबाई तिचं नाव.

"काऊन हो मास्तर, काय लिहेल हाये त्याच्यावर?"

"फिरता चषक."

"मंग फिरवा ना बापा! तुमच्याच घरी सालभर बसला तं बसता झाला का नाही तो?"

सगळं रान हसलं. मास्तर समजावून सांगायला लागले आणि मधेच थांबले. मग म्हणाले, "बरोबर हाये माय तुह्यं."

त्या दिवसापासून मी खरोखर फिरायला लागलो. जिंकणाऱ्याचं नाव माझ्या बैठकीवर कोरायचं, पण मुक्काम मात्र प्रत्येक गावात एक महिना. हरलेल्या गावातही, पार शेवटून पहिल्या आलेल्या गावातही. शहरातले लोक ऐकून हसायचे. हसोत. इतर चषकांनी काचेमागे जन्म काढला, मी माणसांत काढला. कुठे पिठाच्या गिरणीत बसून पांढरा झालो. कुठे नवरदेवाच्या पुढे वरातीत नाचलो. एका गावात खेळून आलेल्या पोरांना बनाबाई माझ्यातूनच मठ्ठा पाजायची, आणि माझ्या वासाने मांजरं मागे लागायची. कान वाकडा झाला तो एसटीच्या टपावरून पडून.

या फिरण्यात एक गोष्ट मला कळली, ती मोठमोठ्या पदाधिकाऱ्यांना आजही कळत नाही. स्पर्धा असते म्हणून चषक असतो, असं ते समजतात. साफ चूक. मी गावात पोचलो की माळ्यावरचा चेंडू खाली यायचा. पोरं मला बघायची, हात लावायची आणि संध्याकाळी मैदानात जायची. मी जायचो म्हणून संघ तयार व्हायचे, आणि संघ होते म्हणून स्पर्धा व्हायची.

मग स्पर्धा चालवणारं मंडळ वाढलं. कार्यालय बुलढाण्याला आलं, कारण साहेबलोकांना तेच सोयीचं. नव्या सचिवांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "एवढी ऐतिहासिक वस्तू एसटीने हिंडवता? हरवली म्हणजे?" त्यांनी मला लोखंडी कपाटात ठेवलं आणि किल्ली फिरवली.

एवढंच झालं. कुणी स्पर्धा बंद करण्याचा ठराव केला नाही. पहिल्या वर्षी म्हणाले, दुष्काळ आहे. दुसऱ्या वर्षी निवडणुका होत्या. तिसऱ्या वर्षी कुणी विचारलंच नाही. माझ्या शेजारी सत्काराच्या शाली होत्या, त्यांना कसर लागली. माझ्यात कुणीतरी टाचण्या आणि रबरी शिक्के ठेवले. सांगा, हे म्हणजे मला जपणं झालं?

मी कोंडला गेलो तेव्हा पुढची पाळी दुसरबीडची होती. ते गाव स्पर्धेत सगळ्यांत शेवटी उतरलं, म्हणून रांगेतही शेवटी. त्यांचा गोलरक्षक जहांगीर रस्त्याकडेला वेल्डिंगचं दुकान चालवायचा. माझ्यासाठी त्याने दुकानात लोखंडी फळी ठोकून ठेवली होती. त्या फळीवर मी कधी पोचलोच नाही.

अशी बरीच वर्षं गेली, आणि या वर्षी एके दिवशी कपाट उघडलं. सचिव कुणाला तरी फोनवर सांगत होते, "अहो, नवा कशाला करता? जुना पडलाय इथे. वर तुमच्या क्रिकेटची पट्टी ठोकून घ्या. महिनाभराने न्या." नवी पट्टी माझ्या पोटावर येणार होती. म्हणजे ते दोन शब्द झाकले जाणार होते. मला वितळवलं असतं तरी चाललं असतं, पण हे नाही.

ही बातमी बुलढाण्यात शिकणाऱ्या दोन मुलींच्या कानावर गेली. एक फिजा, जहांगीरची मुलगी. दुसरी तिची मैत्रीण पूनम, सोनाळ्याची. दोघी कॉलेजच्या संघातून फुटबॉल खेळतात. दुसऱ्या दिवशी दोघी कार्यालयात उभ्या.

"काय काम आहे?" सचिवांनी विचारलं.

"सर, मी दुसरबीडची," फिजा म्हणाली. "आमची पाळी चुकली."

लिपिक पंख्याकडे बघायला लागला. सचिवांच्या हातातला कप बशीवर खडखडला. पूनमने ओढणी तोंडात कोंबली, तरी हसू फुटलंच.

"चषकाची, सर," फिजा जराही न लाजता म्हणाली. "पाळीपाळीनं गावोगाव जायचा ना तो? आमचं गाव राहिलं. आता द्या."

"स्पर्धा बंद आहे, बाई. आणि ती मुलांची होती."

"कुठं लिहेल हाये मुलांची?" पूनमने मला टाचण्यांसकट उचललं आणि सचिवांच्या नाकासमोर धरलं. "वाचा ना सर. 'फिरता' लिहेल हाये. 'पोरांचा' लिहेल नाही अन् 'कपाटातला' बी लिहेल नाही."

लिपिक खोकल्यासारखं हसला. सचिव ओशाळले, मग चिडले, मग त्यांना वाटलं असावं, पोरी फोटो काढतील आणि गप्प बसतील. "घेऊन जा. पण महिनाच."

"महिनाच ठेवणार," फिजा म्हणाली. "जास्त ठेवायचा रिवाजच नाही आमचा."

दोघींनी मला टाचण्या काढून मांडीवर घेतलं. चिखलीला गाडी बदलून मी दुसरबीडला उतरलो. जहांगीर वेल्डिंग करत होता. मला पाहून त्याने डोळ्यांवरचा काळा चष्मा वर केला, पण हात पुढे केला नाही.

"अब्बा, घ्या ना."

"ठहर बेटा. सगळ्यांना येऊ दे. एकट्यानं कसा धरू?"

त्याने फोन केले. जुन्या संघातले गावात उरलेले तिघे आले. एक ऑटो चालवतो, एकाचे गुडघे गेलेत. चौघांनी मिळून मला उचललं आणि त्या गंजलेल्या फळीवर ठेवलं. ऑटोवाला नाक ओढत म्हणाला, "काय रे जहांग्या, लई बारीक निघाला राव हा. आपल्याला वाटलं होतं केवढा असंल!" आणि चौघंही हसत सुटले.

दुसऱ्या दिवसापासून फिजाने गावातल्या मुली गोळा केल्या. मैदानावर क्रिकेट खेळणारी पोरं ओरडली, "ओ ताई, कप घेऊन पाणी भरायला चालल्या काय?" फिजा म्हणाली, "हो, तुमच्या टीमला पाजायला. अकरा जण जमवा आधी." चिडून का होईना, त्यांनी जमवले. रोज संध्याकाळी चेंडूचा आवाज दुकानापर्यंत यायचा, आणि जहांगीर गॅस बंद करून तो ऐकत उभा राहायचा.

महिना संपता संपता सोनाळ्याच्या मुली खेळायला आल्या. पूनमच्या संघाने फिजाच्या संघाला सरळ हरवलं. फिजा तोंड पाडून बसली. पूनम म्हणाली, "रडून राह्यली का बे? चाल, नाव कोरायले वेल्डिंगवाला पाह्य." फिजाच्या बापानेच सोनाळ्याचं नाव माझ्या बैठकीवर कोरलं. अक्षर तिरपं आलं. मला ते आवडतं.

रांग संपली होती, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. पूनम मला सोनाळ्याला घेऊन गेली. तिथून पुढच्या गावाचा संघ मला मोटारसायकलवर बांधून घेऊन गेला. त्यांच्यातल्या निम्म्यांना नियम माहीत नव्हते, पण ते खेळत होते.

इकडे सचिवांचा फोन फिजाला आला. "महिना झाला. क्रिकेटवाले आलेत. चषक कुठे आहे?"

"आमचा महिना झाला सर, आम्ही पुढे दिला."

"पुढे कुणाला? परत कधी येणार तो बुलढाण्याला?"

"तुमची टीम उतरवा ना सर. रांगेत पाळी लागेल."

सचिवांनी तक्रार करायची धमकी दिली. करू देत. लिपिक म्हणे आता बुलढाण्याच्या संघासाठी गुपचूप मुलं गोळा करतोय. मला उचलून न्यायला उद्या जीपही येईल कदाचित, आणि मी सापडेनही. पण तोवर माझ्या मागे गावोगाव माळ्यावरचे चेंडू खाली आलेले असतील. ते कोंडायला एवढं मोठं कपाट कुठून आणणार?

तेव्हा वाचकहो, मी सध्या कुठे आहे ते विचारू नका, मी सांगणार नाही. तुमच्या गावात अकरा जण आहेत का, तेवढं सांगा.