ब्रेकबाईंचा पाय

ब्रेकबाईंच्या पायावर सगळ्यांचा विश्वास होता, आणि आता खुद्द ब्रेकबाईंचाच उरला नव्हता.

हे नाव त्यांना शिकायला येणाऱ्यांनी ठेवलेलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, केबलने मुख्य ब्रेकला जोडलेला. शिकणारा गांगरला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. आपली मुलगी बोबडं बोलत होती तेव्हापासून बाई त्या सीटवर बसत आल्या होत्या, आणि आता ती मुलगी सासरी नांदत होती. एवढ्या काळात त्यांनी रस्त्याकडे जितकं पाहिलं, त्याहून जास्त लोकांच्या पायांकडे पाहिलं. माणूस तोंडाने वाटेल ती बढाई मारतो हो, पण पाय बिचारे भोळे असतात, असं त्या म्हणायच्या. कोण घाबरलंय, कोण घाई करणार, कोण घरी भांडून आलाय, सगळं त्यांना चपलेच्या टोकावरून कळायचं.

आणि मग तो सलूनवाला शिकायला आला. चाळिशी उलटलेला, तोंडाची टकळी कायम चालू. गिऱ्हाइकाचे केस कापताना बोलायचा तसाच स्टिअरिंग धरूनही बोलायचा. पाण्याच्या टाकीकडून खाली येणाऱ्या उतारावर गाडीने वेग घेतला, गडबडीत त्याने ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, आणि बाईंनी आपला ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. हँडब्रेककडे हात जाईपर्यंत समोर पंपघराची भिंत आली.

बाईंना साधं खरचटलंही नाही. सलूनवाल्याचं मात्र उजवं मनगट मोडलं. ज्याचं पोट हातावर, त्याचा नेमका तोच हात. दवाखान्यात प्लास्टर घालून घेताना त्याने बाईंकडे पाहिलं आणि विचारलं. रागाने नाही, अगदी सहज.

"मॅडम, तुम्ही दाबला होता ना?"

"दाबला होता," बाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांना शंका आली: खरंच दाबला होता?

त्यात एक घोडचूक त्यांच्या हातून आधीच होऊन बसली होती. भिंतीला गाडी धडकल्यावर, सलूनवाल्याला दवाखान्यात नेता नेता, त्यांनी सवयीने फोन लावला तो आपल्या गॅरेजवाल्याला. आदल्याच आठवड्यात आपल्या सीटपुढचा ब्रेक ढिला लागतो म्हणून गाडी त्याच्याकडे नेली होती. केबलचं टोक पकडणारा झिजलेला भाग बदलून दिला, असं त्याने सांगितलं होतं, चावी हातात देत "बिनधास्त चालवा, ताई" म्हणाला होता. वर्षानुवर्षांचा माणूस. फोनवरही म्हणाला, "काळजी करू नका, मी आहे ना," आणि गाडी ओढून आपल्या आवारात घेऊन गेला.

बाईंच्या वकील भाचीने हे ऐकून कपाळावर हात मारून घेतला. "मावशी, अगं, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यास की गं!"

भाची हुशार, आणि तोंडाने फटकळ. तिने ग्राहक न्यायालयात दावा ठोकला, गाडीला सील लावून घेतलं. गाडीच्या नुकसानीची आणि सलूनवाल्याच्या हाताची भरपाई गॅरेजने द्यावी, एवढंच मागणं. गॅरेजवाल्याचं उत्तर त्याहून आखूड: ब्रेक ठणठणीत आहे, बाईंनी तो दाबलाच नाही. न्यायालयाने त्याचं मानलं तर सलूनवाल्याची भरपाई बाईंच्या गळ्यात पडणार होती, आणि ड्रायव्हिंग स्कूलचा परवाना जाणार होता तो वेगळाच.

पण बाईंची झोप या कशाने उडाली नव्हती. त्यांच्या मनात एकच घोळत होतं. तो खरं बोलत असला तर?

घरी जेवायला बसल्या की टेबलाखाली त्यांचा उजवा पाय आपोआप फरशी दाबायचा. एकदा पाण्याचा तांब्या कलंडायला लागला आणि हात पुढे जायच्या आधी पाय गेला.

"अगं, टेबलाला ब्रेक नाही," नवरा हसून म्हणाला. बायकोचा चेहरा पाहिल्यावर त्याचं हसू मावळलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "वय झालं की होतं असं. क्षणभर सुचत नाही माणसाला. कोणी तुला फासावर नाही चढवत."

म्हणजे यालाही तसंच वाटतंय! बाईंचा घास तोंडातच फिरायला लागला. शत्रूने दोष दिला तर भांडता तरी येतं. घरच्या माणसाने माफ करून टाकलं तर कुणाशी भांडायचं?

सुनावणीच्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात गॅरेजवाला समोर आला. इस्त्रीचा शर्ट, नखांच्या कडेला मात्र धुऊनही न जाणारं ग्रीस. "ताई, तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही हं," तो म्हणाला. "ब्रेक तपासायचाय ना? खुशाल तपासा. मी स्वतः गाडी चालवतो, तुम्ही शेजारी बसा नि दाबा. कर नाही त्याला डर कशाला?"

आजूबाजूच्या लोकांनी माना डोलावल्या. बाई मनात म्हणाल्या, डर तर आपल्यालाच वाटतेय. मग कर कुणाचा?

हेच त्याने आत न्यायाधीशांपुढेही सांगितलं. त्यांनाही ते पटलं. त्यांनी एक तज्ज्ञ नेमला आणि चाचणीचा दिवस ठरला.

"नाही म्हण," भाची बाहेर येऊन म्हणाली. "चार दिवस गाडी त्याच्या ताब्यात होती, मावशी. नवा भाग टाकला असता तर चकाकला असता आणि पकडला गेला असता. म्हणजे जुनाच आवळून ठेवला असणार. तो दोनदा धरेल, तिसऱ्यांदा कुणी सांगावं? आणि तू त्या गाडीत बसणार?"

"नाही म्हटलं तर मी घाबरले असा अर्थ होईल."

"घाबरलीच आहेस तू!"

"हो," बाई म्हणाल्या. "पण जुनाच आहे, हे तू म्हणतेस. मला कुठे ठाऊक आहे?"

चाचणी एका बंद कारखान्याच्या आवारात होती. आधी सपाट रस्ता, मग माल खाली उतरवायचा उतार, आणि उताराच्या तळाशी वाळूची पोती रचलेली. पुढून तात्पुरती डागडुजी केलेली गाडी उन्हात उभी होती. तज्ज्ञ म्हणजे सर्दीने बेजार झालेला एक किडकिडीत गृहस्थ. तो रुमालाने नाक पुसत आधी डॅशबोर्डखाली वाकून बराच वेळ पाहत राहिला.

"बाहेरून तर घट्ट दिसतंय," तो म्हणाला. "बाकीचं चालवल्यावर कळेल. बसा."

बाई बसल्या. सीटने त्यांना ओळखलं, पण त्यांनी सीटला ओळखलं नाही. दार लागल्याचा आवाज झाला आणि त्यांची पाचावर धारण बसली. डोळ्यांपुढे ती भिंत, कानात ती फुटणारी काच. तज्ज्ञ मागे बसला. भाची दूर सावलीत उभी राहिली, नखं खात.

सपाट रस्त्यावर गाडी निघाली. "दाबा," मागून आवाज आला. बाईंनी डोळे मिटून दाबला. गाडी थांबली.

"पुन्हा."

पुन्हा थांबली. अगदी शहाण्या मुलीसारखी.

संपलं. म्हणजे ब्रेक चांगला आहे. म्हणजे त्या दिवशी पाय उचललाच नाही आपण, नुसतं मनात दाबला. सलूनवाला प्लास्टरमधला हात सांभाळत विचारत होता आणि आपण त्याच्या तोंडावर खोटं बोललो.

"बघा साहेब," गॅरेजवाला म्हणाला. "मी म्हणत नव्हतो?"

"अजून एकदा," तज्ज्ञ शिंकून म्हणाला.

या वेळी बाईंनी डोळे उघडे ठेवले. आणि डोळे उघडे असले की त्यांची नजर जायची तिथेच गेली, शेजारच्या पायांकडे. मनात रडू दाटलं होतं, तरी जन्माची खोड काही जात नाही. त्यांनी आपला ब्रेक दाबला. केबल ओढली गेली की ड्रायव्हरचा ब्रेक आपोआप खाली जातो, तसा तो गेला. पण त्यावर गॅरेजवाल्याचा बूट होता. आणि बूट आधी खाली गेला होता. केसभरच, पण आधी.

"भाऊ," बाई म्हणाल्या. "पाय."

"काय झालं, ताई?"

"पाय मागे घ्या. टाच सीटखाली." स्वतःचाच आवाज ऐकून त्या दचकल्या. हा शिकवतानाचा आवाज होता.

"रीत म्हणून ठेवतो हो. इतक्या वर्षांची सवय."

"नका ठेवू," मागून तज्ज्ञ म्हणाला. "आता उतार. गाडी न्यूट्रलला टाका. अर्ध्यावर आलो की बाईंनी जोरात दाबायचा. तुमचे दोन्ही पाय सीटखाली."

उताराच्या तोंडाशी गाडी क्षणभर थबकली आणि आपल्या वजनाने घरंगळू लागली. वाळूची पोती मोठी होत चालली. बाईंना पाय उचलवेना. आणि तेव्हा त्यांना एक भयंकर गोष्ट कळली. ब्रेक लागणार नाही याची त्यांना भीती वाटतच नव्हती. लागेल याची वाटत होती. लागला तर आपण उरलो कुठे?

त्यांनी शेजारी खाली पाहिलं. सीटखालून बूट बाहेर आला होता.

"टाच मागे."

बूट मागे गेला. लगेच पुन्हा पुढे सरकला, चोरपावलांनी, आणि पेडलवर जाऊन थरथरत राहिला. बाईंनी असे पाय शेकड्यांनी पाहिले होते. पहिल्या दिवशी गाडीत बसलेल्या शिकाऊ माणसाचे पाय असे असतात. हा माणूस लहानपणापासून गाड्यांखाली झोपून वाढलेला. हा का घाबरावा?

"मागे!" बाई ओरडल्या, आणि त्यांनी स्वतःचा पाय दाणकन हाणण्यासाठी उंच उचलला.

"जोरात नको, ताई! सुटेल!"

आणि गॅरेजवाल्याने स्वतःचा ब्रेक करकचून दाबला. गाडी तिथेच उतारावर रुतल्यासारखी उभी राहिली. बाईंचा पाय अजून हवेत होता. तो पेडलला लागलाही नव्हता.

इंजिन गुरगुरत होतं. मागे तज्ज्ञाने नाक पुसलं, रुमालाची घडी घातली, आणि मऊ आवाजात विचारलं,

"काय सुटेल?"

गॅरेजवाल्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं. "म्हणजे... जुनी गाडी आहे, साहेब..."

"काय सुटेल, एवढंच सांगा."

मग त्याने सांगितलं. केबलचं टोक पकडणारा भाग त्या आठवड्यात मिळत नव्हता. गाडी तर बाईंना लगेच हवी होती. त्याने झिजलेलाच पुन्हा बसवला, नवा आला की गुपचूप बदलून टाकू म्हणून. भिंतीला धडकल्यावर पाहिलं तर टोक निसटून लोंबत होतं. ते पुन्हा आत सारून आवळलं. "हळू दाबला तर धरतो, साहेब. रोजच्या शिकवण्यात हळूच दाबतात सगळे. घाबरून कोणी दाणकन हाणला, तरच..."

"भाऊ," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलाही नव्हता. "तो ब्रेक घाबरल्यावरच दाबायचा असतो."

गॅरेजवाल्याने मान खाली घातली. हँडब्रेक ओढून तो खाली उतरला आणि दाराला धरून उभा राहिला. तज्ज्ञ सगळं लिहून घेऊ लागला. भाची उन्हातून धावत येत होती, "मावशी, काय झालं? मावशी!" म्हणत.

बाईंनी आधी फोन काढला. सलूनवाल्याचं नाव दोनदा चुकलं.

"दाबला होता मी," त्या म्हणाल्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

पलीकडे टकळी थांबलेली.

"जोरात?" त्याने विचारलं.

"जोरात. म्हणूनच सुटला."

"मॅडम," तो म्हणाला, "मला वाटत होतं, माझा पाय चुकला म्हणून सगळं झालं. घरी कुणाला बोललो नाही."

"पाय तुमचा चुकला," बाई म्हणाल्या. "तो चुकणारच होता. त्यासाठीच तर मी बसते शेजारी."

मग भाचीने त्यांना धरून आपल्या गाडीकडे नेलं आणि पुढचं दार उघडलं. बाई बसल्या. फाटकाशी वळताना त्यांचा पाय पुढे गेला आणि समोरची चटई दाबून राहिला.

"अगं मावशी, तिथे ब्रेक नाहीये," भाची म्हणाली.

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पाय काढला नाही.